फवारणीनं भागत नव्हतं

गिळताना दुखतंय हे सहा वर्षांचं लेकरू तोंडानं सांगत नाही. ते ताट सरकवतं. आमच्या छकुलीनं दिवाळीनंतर आधी भाकरी सोडली, मग पोळी, मग तिखटाचा नुसता वास असलेलंही काही. संक्रांतीला हातावर तिळगूळ ठेवला तर तिनं तो मुठीत धरला, शहाण्यासारखं "गोड बोला" म्हणाली आणि परड्यात जाऊन शेळीला घातला. "लई लाडावलीय पोरगी," माय म्हणाली. पण लाडावलेली पोरगी उशीवर लाळ कामून गाळंल? स्वतःची थुंकीसुद्धा तिला गिळावीशी वाटत नव्हती.

मी केज तालुक्यातल्या एका गावात कृषी सेवा केंद्र चालवतो. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. छकुली माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. हे तिचं खरं नाव नाही आणि गावाचं नावही मी लिहिणार नाही. अक्का आणि दाजी दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन कोल्हापूरकडच्या कारखान्याला ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या मागंपुढं परततात. पोरीची शाळा बुडू नये म्हणून पहिलीपासून ती हंगामात आमच्याकडं राहते. तिचा धाकटा भाऊ आईबरोबर फडावर.

तोंड आलं की आमच्याकडं जाईचा पाला चावायला देतात. मायनं तो दिला, पोरीनं चावला नाही. मध लावला, तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या करून घेतल्या. गालाच्या आतून, टाळूवर आणि जिभेवर पांढरा थर होता. माय म्हणायची दुधाचा आहे. ओल्या फडक्यानं पुसला की खाली लालभडक, एखाद्या जागी रक्ताचा टिपूस. तालुक्याच्या एका खासगी डॉक्टरांनी "उष्णता आहे" म्हणून बोरोग्लिसरीन आणि बी-कॉम्प्लेक्स दिलं, पुढच्या खेपेला क्लोट्रिमॅझोलचे थेंब दिले. थेंब चालू असेतो तोंड साफ. बाटली संपली की थर परत. त्यांनी बाटली बदलून दुसऱ्या कंपनीची दिली. तिच्या डोक्यात गजकर्णाचा चट्टा होता, तिथले केस गेले होते. त्यावर मेडिकलवाल्यानं जे मलम दिलं त्यात स्टेरॉइड निघालं. डब्यामागची बारीक अक्षरं वाचायची मला धंद्यामुळं सवय आहे. मलम मी परत केलं.

महिन्याच्या वजनाच्या दिवशी आशाताईनं तिला काट्यावर उभं केलं. 13 किलो. तिच्या वयाच्या मुलीचं वजन 19-20 किलोच्या आसपास असतं. आशाताई शाळेच्या व्हरांड्यात काही बोलली नाही. संध्याकाळी दुकानात आली, युरियाचा भाव विचारला, गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "दादा, इथं औषधं बदलत बसू नका. अंबाजोगाईला न्या. लहान मुलांच्या विभागात."

अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय 1974 चं. आमच्या भागातली कितीतरी माणसं तिथंच जन्मली आणि तिथंच गेली. ओपीडीतल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी बॅटरी मारून तोंड पाहिलं, लाकडी पट्टीनं थर खरवडून काचेवर घेतला. मग छकुलीला म्हणाल्या, "बाळा, एक घोट पाणी पिऊन दाखव." पोरीनं घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, मान पुढं काढली, डोळे मिटले आणि गिळला. "कुठं दुखलं, बोट ठेव." तिनं बोट गळ्यावर ठेवलं नाही. छातीच्या बरोबर मधोमध ठेवलं.

इतक्या दिवसांत तिला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

मॅडमनी मला समजावलं ते असं. ही कँडिडा नावाची बुरशी. ती बाहेरून येत नाही, तुमच्या-माझ्या तोंडात, आतड्यात असतेच. अंगातल्या पांढऱ्या पेशी तिला दाबून ठेवतात. तान्ह्या बाळाच्या तोंडात ती वाढते, त्याचं काही विशेष नाही. मोठ्या मुलांतही अँटिबायोटिकनंतर किंवा दम्याच्या पंपामुळं एखाद्या वेळी येते. पण असलं काही नसताना पुन्हा पुन्हा येत असेल, आणि आता ती खाली अन्ननलिकेत उतरली असेल, तर पहारेकरी कुठं गेले ते बघावं लागतं. तोंडातली दिसते म्हणून सगळे तिच्यावरच औषध लावतात, आणि थेंब तर अन्ननलिकेत टिकतच नाहीत.

"हिचा जन्म कुठं झाला?"

फडावर. म्हणजे कोपीतच कळा सुरू झाल्या, रात्री ट्रॅक्टरवर बसवून कारखान्याजवळच्या एका दवाखान्यात नेलं. त्याआधी अक्काची तपासणी गावातही झाली नव्हती आणि तिकडंही नाही. पोटुशी असताना सरकारी केंद्रात रक्त तपासतात, त्यात एचआयव्हीही बघतात. पण त्यासाठी बाई एका जागी असावी लागते. काहीच उपाय केले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. आईला वेळेत गोळ्या आणि बाळाला औषध मिळालं तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. हे आकडे समुपदेशक बाईंनी नंतर सांगितले. त्या दिवशी मॅडम एवढंच म्हणाल्या, "आईला बोलवून घ्या. एचआयव्हीची तपासणी करायचीय, आणि आईची सही लागेल."

फोनवर अक्काला काय सांगायचं हा प्रश्नच होता. मी म्हणालो, "पोरगी खाईना गेलीय, डॉक्टर तुलाच बोलवायलेत." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकानं काम सोडलं की दोघांचा खाडा लागतो, उचलीतून कापला जातो. मुकादम कुरकुरला. अक्का धाकट्याला कडेवर घेऊन रात्रीच्या एस.टी.नं आली. अंगाला अजून पाचटाचा वास होता.

तपासणीचा भाग मी लांबवत नाही. दीड वर्षाच्या पुढच्या मुलाचं रक्त मोठ्यांसारखंच किटवर तपासतात, आणि एका किटवर विसंबून निदान देत नाहीत. दीड वर्षाच्या आत मात्र बाळाच्या रक्तात आईच्याच अँटिबॉडी फिरत असतात, म्हणून तिथं पीसीआर, म्हणजे थेट विषाणूच शोधणारी तपासणी, लागते. छकुली पॉझिटिव्ह, अक्का पॉझिटिव्ह, दाजी आल्यावर तेही. धाकटा निगेटिव्ह. अक्का रडली नाही. तिनं समुपदेशक बाईंना विचारलं, "हिच्या घशाचं आधी बघा ना बाई, माझं काय घाई हाय?" बाई म्हणाल्या, "तुमचंही बघायचंय, आजच." आता अशी वाट बघत नाहीत. 2017 पासून आपल्या देशात निदान झालं की पेशी किती आहेत ते न बघता उपचार सुरू करतात. पूर्वी सीडी-4, म्हणजे पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशी, ठरावीक आकड्याखाली उतरायची वाट बघत.

छकुलीच्या सीडी-4 पेशी 96 होत्या. पाच वर्षांपुढच्या मुलात 200 च्या खाली म्हणजे खोल गेलेला आजार. मी विचारलं नव्हतं तरी मॅडमनी सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या चार पायऱ्या आहेत. तोंडातली बुरशी हटत नसेल तर तिसरी पायरी. अन्ननलिकेत उतरली तर चौथी, शेवटची. तोंड आणि अन्ननलिका यांच्यात अंतर ते किती. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि मलाच जाईना म्हटल्यावर छकुलीची मामी, म्हणजे माझी बायको, रागावली.

आता इथं एक पेच होता, आणि मला हा सगळा अनुभव लिहावासा वाटला तो त्यामुळंच. एचआयव्हीचं औषध तोंडानं घ्यायचं. रोज, न चुकता, जन्मभर. आणि जिला पाण्याचा घोट गिळवत नाही तिला ते द्यायचं कसं? लेकराला औषध बळजबरीनं पाजलं, ते दुखलं, ते ओकलं, की पुढची कितीतरी वर्षं ते औषध बघितलं की तोंड मिटतं. मॅडमचं म्हणणं असं की आधी वाट मोकळी करू, मगच त्या वाटेनं औषध पाठवू. म्हणून भरती केलं आणि पहिले काही दिवस फ्लुकोनॅझोल शिरेतून दिलं. दुर्बीण घालून अन्ननलिका बघायची का, असं मी विचारलं. तर लक्षणं इतकी सरळ असताना आधी औषध देऊन बघतात. आठवड्यात फरक पडला तर निदान बरोबर. नाही पडला तर दुर्बीण, कारण मग ते दुसऱ्या विषाणूचे व्रणही असू शकतात.

फ्लुकोनॅझोल हे नाव ऐकून माझे कान टवकारले. माझ्या दुकानात पिकावरच्या बुरशीसाठी हेक्झाकोनॅझोल आहे, टेब्युकोनॅझोल आहे, प्रोपिकोनॅझोल आहे. मी निवासी डॉक्टरांना, म्हणजे रात्रपाळीच्या पोराला, विचारलं. तो हसला. म्हणाला, "मामा, घराणं एकच. बुरशीच्या पेशीच्या भिंतीलगतच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल असतं, ते हे बनू देत नाहीत. तुमचं पिकाला, आमचं माणसाला. अदलाबदल करू नका." मग त्यानं डोस सांगितला. किलोला दिवसाला 6 मिलिग्रॅम, गरज पडली तर 12 पर्यंत. 13 किलोला 78. बाटलीत मिलीला 2 मिलिग्रॅम असतं, म्हणजे साधारण 39 मिली. पंपाला किती मिली हे मी दिवसभर लोकांना सांगतो, त्यामुळं एवढा हिशोब मी मनातल्या मनात तपासून घेतला. बरोबर होता. एकूण 21 दिवस तरी द्यायचं, शिरेतून सुरू करून पुढं तोंडानं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही.

मग मी त्याला माझ्या भाषेत विचारलं. तुरीला मर लागते. बुरशी जमिनीत असते, वरून कितीही फवारलं तरी झाड वाळायचं ते वाळतं. त्यावर उपाय म्हणजे झाडाच्या अंगातच ताकद हवी, म्हणून लोक बदनापूरचं बीडीएन 711 हे तुरीचं वाण मागतात. तर हे फ्लुकोनॅझोल फवारणी आहे की वाण? तो म्हणाला, "फवारणी. वाण बदलायचं काम ते दुसरं औषध करणार."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी शेजारच्या खाटेवरच्या बाईनं शिरा केलेला डबा उघडला. छकुली त्या डब्याकडं बघत राहिली. मामीनं चमच्याच्या टोकावर थोडा शिरा दिला. तिनं गिळला. मान पुढं न काढता. मामी माझ्याकडं बघायला लागली आणि मी तिच्याकडं, कुणी काही बोललं नाही, कारण बोललो असतो तर पोरगी बुजली असती. अर्धा चमचा, मग अख्खा. रात्री ती स्वतःहून म्हणाली, "मामी, भाकर." भाकरी अजून नको होती, दुधात कुस्करून दिली.

वॉर्डात आम्ही एकटे नव्हतो. पलीकडच्या कोपऱ्यात एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता. लहानपणापासून गोळ्या घेत होता, मधे चुलत्याबरोबर कोयत्याला गेला आणि गोळ्या सुटल्या. डोकं दुखायला लागलं, आठवडेच्या आठवडे, मग उलट्या. मोठ्यांना होणारा हा आजार लहान मुलांत कमी दिसतो, पण किशोरवयात दिसतो. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी, माती आणि कबुतरांच्या विष्ठेत असते, श्वासातून जाते आणि मेंदूच्या आवरणात घर करते. पाठीतून पाणी काढून त्यात काळी शाई टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काळ्यात बुरशीभोवती पांढरं कडं दिसतं. आता अँटिजेनची चाचणीही आहे, ती जास्त भरवशाची. त्याच्या मेंदूवरचा दाब इतका वाढायचा की पाठीतून पुन्हा पुन्हा पाणी काढावं लागायचं. सुईची एवढी भीती असलेला तो पोरगा स्वतःच म्हणायचा, "काढा, डोकं हलकं होतं."

त्याला अ‍ॅम्फोटेरिसिन-बी चालू होतं. ते मिठाच्या सलाईनमध्ये देत नाहीत, गढूळतं. ग्लुकोजच्याच सलाईनमध्ये, तासन् तास सावकाश. सुरू झालं की थंडी वाजून ताप, म्हणून आधी पॅरासिटामॉल. मूत्रपिंडाला त्रास, रक्तातलं पोटॅशियम खाली. रोज रक्त तपासायचं आणि ते कडवट पोटॅशियमचं सिरप प्यायचं. त्याची आजी त्याच्या पायांवर घोंगडी धरून बसायची. आणि गंमत बघा, ह्या पोराला एचआयव्हीच्या गोळ्या मुद्दाम चार ते सहा आठवडे उशिरा सुरू करणार होते. मेंदूत बुरशी असताना प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली तर सूज वाढून जीव जाऊ शकतो. आमच्या पोरीला लवकर, त्याला उशिरा. "पहिल्या दिवसापासून गोळ्या द्या की" असं मी त्याच्या आजीजवळ बोलणार होतो, बरं झालं बोललो नाही.

पलीकडं ऑक्सिजनवर एक चार महिन्यांचं बाळ होतं. त्याच्या न्यूमोनियाचं कारणही बुरशीच, न्यूमोसिस्टिस. ती एचआयव्ही असलेल्या बाळांना तीन ते सहा महिन्यांच्या वयात सगळ्यात जास्त गाठते. मी माझं नवं शहाणपण वापरून विचारलं, मग ह्याला फ्लुकोनॅझोल का नाही? निवासी डॉक्टर म्हणाला, ह्या बुरशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉलच नसतं, मग ते औषध मारणार कशाला? पूर्वी तर ती बुरशी आहे हेच कळलं नव्हतं, 1988 मध्ये कळलं. तिला कोट्रायमोक्साझोल लागतं, आपली सेप्ट्रान. म्हणूनच एचआयव्ही असलेल्या आईच्या प्रत्येक बाळाला सहा आठवड्यांपासून हे औषध रोज सुरू करतात आणि बाळ निगेटिव्ह आहे हे पक्कं होईपर्यंत थांबवत नाहीत. त्या बाळाच्या आईची तपासणी बाळंतपणाच्या वेळी झालीच नव्हती, त्यामुळं सिरपही नाही. बाळाला पुढं अतिदक्षता विभागात हलवलं, आमची गाठ तिथंच तुटली. सेप्ट्रान ही किती स्वस्त वस्तू आहे हे मला माहीत असल्यामुळं मला तेव्हा संताप आला. कुणावर, ते सांगता यायचं नाही.

छकुलीची क्षयाची तपासणी झाली, एक्स-रे वगैरे, ती साफ निघाली. मग एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथं, तयारीच्या बैठका. औषध कोण देणार, किती वाजता, घरात कुणाला माहीत आहे, ती आईकडं गेली तर काय. समुपदेशक बाईंनी हासेगावच्या सेवालयाबद्दल आणि बीडजवळ पालीच्या इन्फंट इंडियाबद्दलही सांगितलं, ज्या लेकरांना कुणी नाही ती तिथं वाढतात. मामीनं सगळं नीट ऐकून घेतलं. "हिला हाय की कुणीतरी," एवढंच म्हणाली आणि गोळ्यांचा डबा पिशवीत टाकला.

गोळ्या पाण्यात विरघळणाऱ्या. एक डोलुटेग्राविरची 10 मिलिग्रॅमची, दुसरी अबाकाविर-लॅमिवुडिनची जोडगोळी. 10 ते 14 किलोच्या आतल्या मुलाला दोन्हीच्या दोन-दोन, दिवसातून एकदा. 14 च्या पुढं अडीच. म्हणजे वजन वाढलं की डोस वाढतो, म्हणून दर भेटीला आधी काटा, मग औषध. डोलुटेग्राविरला स्ट्रॉबेरीचा वास आहे. जुन्या पालकांनी सांगितलं की पूर्वी जे कडू औषध मिळायचं ते पाजताना घरात युद्ध व्हायचं. अबाकाविरबद्दल बाईंनी फार बजावलं. पहिल्या सहा आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, उलट्या, धाप असं एकत्र दिसलं तर थेट इकडं या. ते औषध त्यामुळं बंद करावं लागलं तर पुन्हा कधीही द्यायचं नाही, दुसऱ्या वेळी जीवावर बेततं. त्यांनी आमच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. शिवाय रोजची सेप्ट्रान.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे मीच जास्त आजारी होतो असं मामी म्हणते. गोळ्या सुरू झाल्यावर अंगात दबून बसलेला एखादा आजार उसळून वर येऊ शकतो, असं सांगितलं होतं. त्यामुळं पोरगी शिंकली तरी मी थर्मामीटर काढायचो. एकदा ताप आला, मोटारसायकलवर अंबाजोगाई गाठली. साधा पडशाचा ताप निघाला. तोंड दर रविवारी बॅटरीनं बघायचो. फ्लुकोनॅझोल संपलं. मागं थेंब संपले की आठ-दहा दिवसांत थर यायचा. ते दिवस गेले, महिना गेला, पांढरं काही आलं नाही. डोक्यावरच्या चट्ट्यासाठी वेगळं पोटात घ्यायचं औषध दिलं होतं, तिथं आधी लव आली, मग केस.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड केला. विषाणू यंत्राला सापडेना इतका कमी. सीडी-4 वर चढतायत. सेप्ट्रान मात्र अजून आहे, पेशी सहा महिन्यांच्या अंतरानं दोन वेळा 350 च्या वर दिसल्या की मग थांबवतील.

शाळेची गोष्ट. शाळेत दर आठवड्याला लहान मुलांना लोहाची गुलाबी गोळी देतात. लोह, कॅल्शियम किंवा अ‍ॅसिडिटीचं औषध डोलुटेग्राविरबरोबर उपाशीपोटी पोटात गेलं तर गोळीचा असर कमी होतो. डोलुटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं, नाहीतर लोह-कॅल्शियम असेल तर दोन्ही जेवणाबरोबर. तर आम्ही छकुलीची वेळ रात्री आठची धरली आणि शाळेला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, शाळेत भेदभाव करता येत नाही आणि कुणाचा अहवाल परवानगीशिवाय उघड करता येत नाही. कायदा चांगला आहे. पण गावात कायदा पोचायच्या आधी बातमी पोचते, म्हणून मामी गोळ्यांच्या रिकाम्या डबीचं लेबल घरी सोलून चुलीत जाळते आणि मग डबी भंगारात टाकते. बालसंगोपन योजनेत महिन्याला 2250 रुपये मिळतात, त्याचा अर्ज केला. त्या कागदांवरही आजाराचं नाव येतं. अर्ज मी गावातल्या सेवा केंद्रातून भरला नाही, बीडला जाऊन भरला.

ह्या हंगामाला अक्का आणि दाजी पुन्हा गेले. उचल फिटायची होती. एआरटी केंद्रानं त्यांना काही महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या आणि संपल्या तर कारखान्याजवळच्या केंद्रात कार्ड दाखवून मिळतील अशी सोय लावून दिली. अक्का गोळ्या पिठाच्या डब्यात ठेवते. तिचं वजन वाढलंय, मुकादमाची बायको तिला विचारते काय खातीस म्हणून. धाकटा आता आमच्याकडंच आहे.

छकुलीचं वजन 20 च्या जवळ आलंय. 20 किलोला विरघळणारी गोळी बंद होऊन मोठ्यांची 50 मिलिग्रॅमची एक गोळी सुरू होते, ती अख्खी गिळायची. त्याची तयारी म्हणून मामी तिला बडीशेपेच्या रंगीत गोळ्या पाण्याबरोबर न चावता गिळायला लावते. ती चावून खाते आणि गिळली म्हणून सांगते.

मागच्या भेटीत तिनं समुपदेशक बाईंच्या समोरच विचारलं, "मामा, माझं तोंड तर कधीचं बरं झालं. मग गोळी कामून?" मी बाईंकडं बघितलं. बाई तिला म्हणाल्या, "तुझ्या अंगातले शिपाई झोपले होते, गोळी त्यांना जागं ठेवते. बंद केली की ते परत झोपतात." छकुलीनं विचार केला आणि धाकट्याला का नाही मग, असं विचारलं. बाहेर आल्यावर बाईंनी मला सांगितलं की असे प्रश्न येणं चांगलं आहे, खोटं सांगायचं नाही, वयाला झेपेल तेवढंच सांगायचं आणि बारा वर्षांच्या आत सगळं सांगून झालेलं असावं. पुढच्या भेटीला अक्कालाही आणा म्हणाल्या, आईच्या तोंडून काही गोष्टी याव्या लागतात. अक्का पाडव्याला येईल, तोवरची तारीख मी पुढं ढकलून घेतलीय.